नव्वदीपलीकडच्यांच्या घरी जाण्याआधी

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वडोद्यातल्या नव्वदीपुढच्या मराठी मंडळींच्या अभ्यासात तुझं नाव आल्याचं कळलं. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्राची मंडळी आणि संख्याशास्त्रज्ञ अशी तुमची टीम. प्रत्येकाची प्रश्नावली आपापल्या जागी रास्त असते, पण बेरीज चार तासांवर जाते. त्या वयाच्या बहुतेकांना सलग पाऊण तासापेक्षा जास्त झेपत नाही. पुढची उत्तरं थकव्याची असतात, आणि तक्त्यात ती विस्मरण म्हणून चढतात. म्हणून जे आजींना न विचारता कळू शकतं, ते त्या पाऊण तासातून आधी काढून टाक.

त्यात पहिलं वय. सगळा अभ्यास वयावर उभा, आणि नेमकं तेच ढिलं असतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधीची नोंद मिळाली तर नशीब. ओळखपत्रावर १ जानेवारी किंवा १ जून दिसली तर ती कुणीतरी सोयीने टाकलेली तारीख समज. घरचे नव्वद, पंचाण्णव, शंभर असं गोल वय सांगतात. एका टप्प्यानंतर वय वाढवून सांगण्यात मान असतो, तेव्हा चूक बहुधा वरच्या बाजूलाच होते.

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत मात्र जन्मपत्रिका निघते. शक, संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र हे सगळं एकमेकांना धरून असावं लागतं. शक १८४७ लिहिला असेल तर संवत्सर क्रोधन हवं. तिथी आणि वार जुन्या पंचांगाशी पडताळ. घोळ होतो तो बेरजेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघ-फाल्गुनातला जन्म बहुधा जानेवारीनंतरचा, तिथे ७९ लागतात. वडोद्यात आणखी एक फाटा आहे: कागदावर गुजराती विक्रम संवत असेल तर तो दिवाळीनंतर बदलतो. त्यामुळे शक आणि संवत यांतलं अंतर श्रावणात १३४, मार्गशीर्षात १३५. हे न पाहता सरसकट १३५ वजा केले की माणूस वर्षाने वाढतो. जुने कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं कुणीतरी पहिल्या दिवसापासून टीममध्ये हवं.

एका कागदावर विसंबू नकोस. वारलेल्या थोरल्या बहिणीचं नाव धाकटीला ठेवलेलं असतं आणि पत्रिका थोरलीची निघते. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर दुसरीच बाई दिसते. मुलांच्या जन्मसालांवरून उलटा हिशेब कर: सांगितलेल्या वयाने शेवटचं बाळंतपण बावन्नाव्या वर्षी येत असेल तर वय चुकलंय. १९२७ चा पूर, सयाजीरावांचं निधन (फेब्रुवारी १९३९), बडोदे संस्थानाचं विलीनीकरण (मे १९४९) यांच्या आठवणी पडताळ्याला चालतात, पुराव्याला नाही. फ्रान्सच्या झान काल्माँ १९९७ मध्ये १२२ वर्षं १६४ दिवसांच्या होऊन गेल्या. जन्म, विवाह, जनगणना असे कागद एकापुढे एक लावून त्यांचं वय मान्य झालं, तरी पुढे शंका घेणारे निघालेच.

आता प्रत्यक्ष भेट. सकाळी, पूजा-चहा आटोपल्यावर जा. कानात मळ आहे का, ऐकण्याच्या यंत्राची बॅटरी चालू आहे का, चष्मा जवळ आहे का, हे आधी पाहा. ऐकू न आल्यामुळे स्मृतिचाचणीत गुण जाणं ही सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात टाळता येणारी चूक. दुसरी चूक म्हणजे शिक्षण गृहीत धरणं. निरक्षरांसाठी बेतलेल्या चाचण्या आपल्या देशात आहेत, पण बडोदे संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मुलींनाही. किती इयत्ता झाल्या ते विचार, मग चाचणी निवड.

रक्तदाब पाच मिनिटं आडवं ठेवून घ्यायचा, मग उभं राहिल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद, आणि त्याच दिवशी घरच्या डॉक्टरांना निरोप. उंची मोजपट्टीला लावून मिळत नाही, पाठीला बाक असतो. गुडघ्याची उंची घेऊन अंदाज काढतात. पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरच्या खाली आला तर आहारतज्ज्ञाने आणि फिजिओने तो एकत्रच पाहायचा. चालण्याचा वेग चार मीटरांवर. जुन्या घरात तेवढी सलग मोकळी जागा मिळणं कठीण, म्हणून खडू आणि टेप बरोबर ठेव.

सून उत्तरं देणार, हे धरूनच चाल. तिची उत्तरं फेकू नकोस, पण 'कोणी सांगितलं' हा रकाना प्रत्येक प्रश्नापुढे ठेव. 'आंघोळ स्वतः करतात का' याला आजी 'हो' म्हणतात आणि सून 'नाही', ही नोंद कुठल्याही एका उत्तरापेक्षा मोलाची आहे. मन कसं आहे, घरात कुणाशी पटतं, हे सुनेला विचारायचंच नाही. तिला चहाच्या निमित्ताने आत जाऊ दे.

'रोज काय खाता' यावरून दीर्घायुष्याचं गमक सांगायची घाई टीममधलं कुणीतरी करेलच. या आजींच्याच वर्षी जन्मलेले जे साठीत गेले, तेही तेच वरण-भात खात होते. निदान भावंडांच्या जन्ममृत्यूची सालं तरी गोळा करा. डेन्मार्कमध्ये १९०५ साली जन्मलेल्यांचा आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये १९२१ साली जन्मलेल्यांचा अभ्यास झाला, त्यात एकाच जन्मसालाची माणसं धरली ती उगीच नाही.

पुढची फेरी दोन वर्षांनी ठेवू नका. शंभरीच्या आसपासच्यांतला तिसरा हिस्सा किंवा अधिक वर्षभरात जातो. सहा महिन्यांचं अंतर ठेवा, आणि संमती दर वेळी नव्याने घ्या. फोन सुनेच्या किंवा मुलाच्या नंबरवर कर, आणि आधी 'आजी कशा आहेत' एवढंच विचार. भेटीची वेळ मागायची ती उत्तर ऐकून झाल्यावर.

कळावे.