गवत कोणाचं?

प्रश्न : अप्पा, ‘ओपन रेंज’ चित्रपट पाहिला. केविन कॉस्नर आणि रॉबर्ट डुव्हॉल कळप चारत गावोगाव फिरतात आणि मोठा रँचवाला त्यांच्या जिवावर उठतो. पण आपल्या रानात कोणी गुरं घातली तर आपणही हाकलतोच ना? मग त्याचं काय चुकलं?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : भाऊ, ते रान त्याचं नव्हतंच, मेख इथेच आहे. गोष्ट १८८२ सालच्या अमेरिकेतल्या मोंटानातली. तेव्हा तिकडचं बरंचसं गवत सरकारी जमिनीवरचं होतं आणि ज्याची गुरं पोचतील त्याने चारावं, असा रिवाज होता. मोठे रँचवाले पाण्याकाठचा तुकडा नावावर करून घेत. पाणी हातात आलं की भोवतालचं रान आपोआप त्यांचंच. ग्लिडन नावाच्या अमेरिकी शेतकऱ्याच्या काटेरी तारेला १८७४ मध्ये पेटंट मिळालं, तार स्वस्त झाली आणि लोकांनी सरकारी कुरणांनाही बेधडक कुंपणं घातली. ती बेकायदा ठरवायला १८८५ साली कायदा करावा लागला. शेजारच्या वायोमिंगमध्ये १८९२ साली तर बड्या गुरेमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणून माणसं मारली. शेवटी लष्कर मधे पडलं, शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही.

मला चित्रपटभर साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ आठवत होते. बाजरी निघाली की वडील वावरात मेंढ्या बसवत. संध्याकाळी मेंढ्यांभोवती वाघूर, म्हणजे जाळी, लागायची, घोड्यावरून खाट उतरायची, खाटेला बांधलेल्या कोंबड्या सुटायच्या. सकाळी वाडा, म्हणजे त्यांचा तळ, हलला की जमिनीवर लेंड्यांचा काळा थर आणि चार दिवस मुताचा उग्र वास. वावर आमचं, मेंढ्या त्यांच्या, तरी दाणे मोजून द्यायचे ते आमचे वडील! एवढं ते खत मोलाचं होतं.

म्हणून सांगतो, चूक रँचवाल्याचीच, आणि ती पहिली गोळी सुटण्याच्याही आधीची.

आमच्या शिवारात आता बोअर झाले, बारमाही पिकं आली, बांधांवर तारा आल्या. गायरानाचीही वाट अडली आहे. गेल्या उन्हाळ्यात डांबरी रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत एक कळप खोळंबला होता. म्हातारीच्या पदरात त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू, अजून ओलं. मला थांबवून तिने विचारलं, “भाऊ, औंदा कोनं वावर मोकळं शे?”

मला एकही नाव सांगता आलं नाही.