उरलेलं फोल्डर दिसलं म्हणून लगेच उडवू नका

क्रिप्टोमेटरच्या (क्लाउडवर ठेवायच्या फाइली आधी कुलूपबंद करणारं अ‍ॅप) व्हॉल्टमध्ये उरलेली वाटणारी फोल्डर दिसतात, ती उडवू का, असं तुम्ही विचारलंय. घाबरू नका, ते वापरायला लागलं की हा प्रश्न बहुतेकांना पडतो. क्लाउडवरच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे त्या कुलूपबंद फाइलींच्या तिजोरीत, 'डी' नावाच्या फोल्डरात दोन-दोन अक्षरांची फोल्डर दिसतात ना, तो कचरा नव्हे. तुमचं प्रत्येक फोल्डर, अगदी रिकामंसुद्धा, तिथे वेगळ्याच नावाने बसलेलं असतं. त्यामुळे नुसतं बघून कामाचं कुठलं आणि उरलंसुरलं कुठलं, हे सांगता येत नाही.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- काढून टाकणं, नाव बदलणं, हलवणं, सगळं व्हॉल्ट उघडून आतूनच. 'डी'ला हात लावायचा नाही.
- सिंक (क्लाउडशी जुळवणी) पूर्ण झाल्याशिवाय लॅपटॉप मिटू नका. मी एकदा ऐरोलीच्या ऑफिसात मोठं फोल्डर उडवलं, लॅपटॉप मिटला आणि ठाण्याची लोकल पकडली. घरच्या कॉम्प्युटरवर अर्धवट अवशेष! चूक माझीच, पण निस्तरण्यात अख्खा रविवार गेला.
- एकच व्हॉल्ट दोन मशीनवर एकाच वेळी उघडा ठेवू नका.

आता तुमच्या उरलेल्या फोल्डरांचं. आधी सिंक होऊ द्या, व्हॉल्ट लॉक करा आणि त्याची पूर्ण कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. (हो, कंटाळा येतो. तरी घ्या.) मग डेस्कटॉप अ‍ॅपमधली हेल्थ चेक चालवा. ती अनाथ, म्हणजे व्हॉल्टमधल्या कुठल्याच फोल्डरशी दुवा न उरलेली, फोल्डर शोधते आणि दुरुस्त करायला सांगितलं तर त्यांतलं सामान रिकव्हरीच्या वेगळ्या फोल्डरात आणून ठेवते. तिथे डोकावून बघा, मगच नको ते काढा.