सुपर्ब फेल गेली म्हणणाऱ्यांनी आधी आकडा कशाचा आहे ते सांगावं

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्कोडा सुपर्ब या मोठ्या सेडानची विक्री महिन्याला शे-दोनशेच्या आसपास घुटमळत राहिली आणि २०२३ मध्ये कंपनीने तिचं इथलं उत्पादन थांबवलं. मग ही गाडी भारतात फेल गेली असंच म्हणायचं ना? आणि तसं असेल तर जुनी सुपर्ब घ्यावी का?

नाही, फेल गेली नाही. मी औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या स्कोडा प्लांटमध्ये लाईनवर काम केलेला माणूस आहे आणि आज माझं घर अशाच गाड्यांच्या दुरुस्तीवर चालतं, तेव्हा या गाडीबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

आधी त्या आकड्याचं बघू. दर महिन्याच्या एक तारखेला बातम्यांत जो आकडा येतो तो कंपनीने डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा असतो. गिऱ्हाइकाने खरंच किती घेतल्या ते ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीतून कळतं. महिन्याला पंधरा हजार खपणाऱ्या गाडीत हा फरक फारसा जाणवत नाही. शे-दोनशेच्या गाडीत मात्र सुट्या भागांचा एक लॉट बंदरात अडकला तरी महिना पडलेला दिसतो, आणि लोक लगेच ‘मागणी आटली’ म्हणून मोकळे होतात. आमच्याच शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये डॉक्टर, उद्योजक, बिल्डर अशा मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे पासष्ट कोटींचा सौदा होता तो, देशभर गाजला. त्या महिन्याच्या आकड्यावरून कोणी औरंगाबादच्या बाजाराचा अंदाज बांधला असता तर तो किती दिवस टिकला असता? महागड्या गाड्यांची विक्री अशीच झटक्याझटक्याने होते. एक महिना, एक तिमाही हातात धरून निकाल लावणं मला पटत नाही.

‘फेल गाडी’ हा शब्द मला का झोंबतो तेही सांगतो. प्लांट सोडून मी चिकलठाण्याला स्वतःचं गॅरेज काढायचं ठरवलं, फक्त स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडीसाठी. भाऊबीजेला बहिणीकडे जेवायला बसलो होतो. आमचे दाजी कंत्राटदार आहेत, बोलायला मोकळे. भरल्या पंगतीत म्हणाले, “ज्या गाड्या विकल्याच जात नाहीत त्यांचं गॅरेज काढतोस? गिऱ्हाईक कुठून आणशील? बोलेरो-डिझायरचं काढ, चार पैसे मिळतील.” दाजींना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. ताईकडे बघितलं आणि गप्प जेवलो. पण तो वाद माझ्या मनात मिटलेला नाही. विकली गेली ती चांगली, नाही विकली गेली ती फेल, हे दाजींचं गणित मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

दाजींना, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यालाही, एक गोष्ट माहीत नसावी. सुपर्ब इथं सीकेडी यायची, म्हणजे सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि शेंद्र्यात जोडणी व्हायची. पत्रा ठोकायच्या डाय इथं बनवाव्या लागत नाहीत, इंजिनाचा कारखाना उभारावा लागत नाही. त्याच आवारात ऑडी, पसाट, ऑक्टाव्हिया जोडल्या जायच्या. एकट्या सुपर्बच्या डोक्यावर कारखान्याचा खर्च कधीच नव्हता. अशा गाडीला नफ्यात यायला लाखभर गिऱ्हाइकं लागत नाहीत. ज्या गाडीसाठी हजारो कोटी ओतून नवा प्लांट उभा केला तिचा आकडा आणि हिचा आकडा एका फळ्यावर लिहिणं हाच मुळात अन्याय आहे.

आणि जी गाडी २००४ मध्ये आली, २००९ मध्ये दुसऱ्या पिढीत आली, २०१६ मध्ये तिसऱ्या पिढीत आली, ती फेल कशी? पडलेल्या गाडीची तिसरी पिढी कुठली कंपनी आणते? खरं आपटलेलं उदाहरण हवं असेल तर सुझुकीची किझाशी बघा. २०११ मध्ये जपानहून थेट आणली. देशातलं सगळ्यात मोठं डीलरचं जाळं पाठीशी, तरी गिऱ्हाईक मिळालं नाही. काही वर्षांत गेली, पुन्हा आली नाही. मला तर ती चालवायला आवडायची, पण तिला फेल म्हणा, मी भांडणार नाही.

आता त्या सुपर्बची गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, जालन्याचे डॉक्टर. त्यांची २०११ ची चंदेरी डिझेल सुपर्ब सुरुवातीपासून माझ्याच हाताखाली आहे. प्रॅक्टिस बंद करून पुण्याला मुलीकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी ती विकायला काढली. मला म्हणाले, तुम्ही सोबत चला. बीड बायपासला एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो. तिथल्या पोराने बोनेटवर थाप मारली, टायर बघितले, मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं आणि म्हणाला, “साहेब, हे फेल मॉडेल आहे. कंपनीनेच बंद केलं. याला कोण घेणार?” आणि एखाद्या जुन्या अल्टोला द्यावी तेवढी किंमत सांगितली. त्याने मागचं दार उघडून आत बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ज्या गाडीतून त्यांनी वडिलांना मुंबईला ऑपरेशनला नेलं होतं, तिच्याबद्दल दोन मिनिटांत असा निकाल ऐकून कोणाचाही उतरेल. मी किल्ली परत घेतली आणि म्हणालो, चला डॉक्टर, ही माझ्या शेडमध्ये उभी राहील.

फोटो काढून जाहिरात टाकली. सर्व्हिसची सगळी बिलं फाईलमध्ये लावलेली होती, तीही दाखवली. फोन यायला वेळ लागला नाही. कोल्हापूर, नाशिक, एक तर हैदराबादचा. सांगलीकडचं एक द्राक्षबागायतदार कुटुंब बघायला आलं, दोघे भाऊ आणि त्यांचे वडील. वडील सहा फुटांवर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी त्यांना आधी मागे बसवलं. त्यांनी दुखरा पाय सरळ लांब केला आणि तो पुढच्या सीटला लागला नाही. तसेच बसून राहिले, खाली उतरायचं नाव नाही. मग मी डिकी दाखवली. या पिढीच्या सुपर्बची डिकी दोन तऱ्हेने उघडते. एका बटणाने सेडानसारखं नुसतं झाकण उघडतं. दुसरं दाबलं की आत मोटरा घुर्रर्र करतात, क्षणभर थांबावं लागतं, आणि मग मागच्या काचेसकट अख्खं दार वर जातं. ५६५ लिटरची जागा, मागच्या सीट पाडल्या तर त्याच्या जवळपास तिप्पट. धाकटा भाऊ द्राक्षाच्या पेट्या किती मावतील ते हाताने मोजायला लागला. शेवटी मागच्या दाराच्या कडेतून कंपनीची छत्री ओढून काढून दाखवली, तीसुद्धा डॉक्टरांनी जपून ठेवली होती. सौदा यार्डवाल्याच्या भावाच्या जवळपास दुपटीने झाला.

दाजी त्या दिवशी त्यांच्या गाडीचं अलाइनमेंट करून घ्यायला आलेले होते. सगळं बघितलं आणि म्हणाले, एक हौशी सापडला म्हणून झालं. अहो दाजी, या गाडीला हौशीच लागतो! ती बनवलीच तेवढ्यांसाठी होती. गॅरेजवाल्याचं गिऱ्हाईक मागच्या महिन्यात किती विकल्या त्यावर ठरत नाही, रस्त्यावर अजून किती धावतात त्यावर ठरतं. तेरा-चौदा वर्षांच्या सुपर्ब माझ्याकडे हिंगोलीहून येतात, नगरहून येतात, आणि त्यांचे मालक ती विकायचा विषय काढत नाहीत.

मग बंद का झाली? हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या सेडानचं अख्खं घरच ओस पडलं, त्यात एकट्या सुपर्बचा दोष नाही. सोनाटा गेली, टिएना गेली, पसाट गेली. अकॉर्ड २०१६ मध्ये हायब्रिड होऊन परत आली आणि चार वर्षांत पुन्हा गेली. तीस-पस्तीस लाख खर्च करणारा माणूस फॉर्च्युनरकडे वळला. सुपर्ब सोडून तो दुसऱ्या सेडानकडे गेला असता तर मी म्हटलं असतं हिच्यात काही कमी आहे. तसं झालं नाही, सेडानच सोडली त्याने.

त्यावर सरकारी नियमांची भर. टोयोटाच्या कॅमरी हायब्रिड सेडानवर जीएसटीच्या आधी तीसेक टक्के कर होता, १ जुलै २०१७ ला तो ४३ टक्के झाला. गाडी तीच, इंजिन तेच, मागणी मात्र बसली. गाडी फेल झाली का कर वाढला? सुपर्बवर तर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के उपकर होता. २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचा कडक नियम आला तेव्हा डिझेल गेलं, आणि लांब पल्ल्याचा गिऱ्हाईक तर डिझेलचाच होता. पेट्रोलवालं नवं मॉडेल मे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या ऐन मध्यात बाजारात आलं. त्या वर्षाचा आकडा पुरावा म्हणून दाखवणाऱ्याशी मी बोलतही नाही. मग १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराच्या चाचणीचा नियम लागू झाला. थोड्या गाड्यांसाठी इंजिन पुन्हा त्या नियमात बसवायचं कंपनीला परवडलं नाही. हा हिशेबाचा निर्णय झाला. वर्षभराने, एप्रिल २०२४ मध्ये, तीच सुपर्ब पूर्ण बनलेली आयात करून परत आणली, फक्त शंभर गाड्या, किंमत ५४ लाख. त्याआधी शेंद्र्यात जोडलेली पस्तीस लाखांच्या आसपास मिळायची. हा फरक आयात शुल्काचा आहे. मेल्या गाडीला कोणी असं परत आणत नाही.

आकड्यावरून फेल ठरवायचीच असेल तर आधी कंपनीने काय ठरवलं होतं ते बघा. स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहात आहे, त्याचीच फोक्सवॅगन फेटन ही आलिशान सेडान घ्या. समूहाचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या हट्टातून आलेली, जर्मनीत ड्रेस्डेनला तिच्यासाठी काचेच्या भिंतींचा खास कारखाना बांधला, वर्षाला वीस हजारांची तयारी ठेवली. २०१६ मध्ये बंद झाली तेव्हा सगळ्या वर्षांत मिळून ८४,२३५ बनल्या होत्या. ठरवलेल्याच्या मानाने हे अपयशच, आणि एका गुंतवणूक संस्थेने तर दर गाडीमागे २८ हजार युरो तोटा काढला होता. पण त्याच सांगाड्यावर बेंटलेची कॉन्टिनेंटल जीटी उभी राहिली आणि तिने बेंटलेचं नशीब बदललं. म्हणजे जगातलं सगळ्यात गाजलेलं अपयशसुद्धा नुसत्या विक्रीच्या आकड्याने पुरतं मोजता येत नाही. आपल्याकडे मात्र यार्डातलं पोरगं मोबाईल बघून निकाल देतं.

राहिला जुनी घ्यावी का हा प्रश्न. गाडी पाच-सात वर्षं ठेवणार असाल तर घ्या. दोन वर्षांत फिरवून विकायची असेल तर घेऊ नका, तिथे दाजींचं गणित खरं ठरेल, कारण घाईत विकायला गेलात की यार्डवालाच भेटतो. १.८ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा ड्राय क्लचवाला (क्लच तेलात नसलेला) डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, डीक्यू २००. त्याच्या तक्रारी जगभर झाल्या आणि २०१३ मध्ये समूहाने गिअरबॉक्सच्या तेलासाठी सोळा लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. ही गोष्ट लपवायची नाही. मी स्वतः निवडायची झाली तर सहा गिअरच्या वेट क्लचची (क्लच तेलात बुडालेला) डिझेल निवडेन, फक्त त्याचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदललेलं हवं. पार्ट महाग आहेत, हेही आधीच ऐकून ठेवा. गावाकडे शेतापर्यंत कच्चा रस्ता असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, भरली की उंच गतिरोधकाला पोट घासते. दाजींच्या साईटवर एसयूव्हीच लागते आणि त्यांनी ती घेतली ते योग्यच केलं.

२०१० च्या आसपासची घेत असाल तर १५ वर्षांची नोंदणी संपत आलीय की नूतनीकरण झालंय ते बघा, त्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. आरसी आणि गिअरबॉक्सच्या तेलाची बिलं हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.