ऑनलाइन विक्री करताना गिऱ्हाईक कुरिअरच्या पैशांवरून वाद घालतात, त्यांना कसं हाताळावं?

तुम्ही लिहिलंय की माल आवडतो, भाव पटतो आणि कुरिअरचे दीडशे सांगितले की समोरचा "एवढे कसे?" म्हणून अडतो. मग तुम्ही पन्नास-साठ सोडून देता. ते सोडणं आधी बंद करा. ज्याला पन्नास सोडले तो पुढच्या वेळी शंभर मागतो, आणि वर आपल्या बहिणीला तुमचा नंबर देतो, "बोलून बघ, कमी करते ती" असं सांगून.

आमचं नाशिकच्या भांडी बाजारात दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. तांब्या-पितळेचं भांडं आम्ही किलोवर विकतो. त्या दिवशीचा भाव, वर मजुरी, मोड, म्हणजे जुनं भांडं, आणली असेल तर ती वजा. भांडं गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवायचं आणि आकडा त्यानेच वाचायचा, ही सासऱ्यांची शिस्त. मी व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टावर फोटो टाकायला लागले तेव्हा वाटलं होतं, भावावरून वाद होतील. भावावर कोणी ब्र काढत नाही. भांडण होतं ते खोक्यावरून.

इंदूरच्या एका काकांनी घंगाळ मागवलं, अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं. आता ज्यांनी कधी मोठी वस्तू पाठवली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुरिअरवाला काट्यावरचं वजन बघतो आणि खोक्याचं मापही घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. जे उत्तर येईल ते खोक्याचं 'वजन', आणि दोन्हींत जे जास्त त्याचं भाडं. काकांच्या घंगाळाचा खोका ४५ बाय ४५ बाय ३०. म्हणजे ६०,७५०, भागिले ५०००, १२.१५. वरचा अर्धा किलो धरून साडेबारा. खरं वजन पॅकिंगसकट सहाच्या आतच होतं. कुरिअरचे ७८० आणि खोका, बबल रॅप, पुठ्ठा, कुरिअरपर्यंतची रिक्षा मिळून २००. एकूण ९८० हे पैसे भरायच्या आधी लिहून पाठवलं होतं. उत्तरात अंगठ्याचं चित्रही आलं होतं.

पार्सल पोचलं आणि फोन आला. "ताई, भांडं सुरेख आहे. पण तुम्ही मला फसवलंत." त्यांनी घरी वजन केलं होतं, काट्याचा फोटोही पाठवला. ४ किलो ८०० ग्रॅम. कुरिअरच्या चिठ्ठीवर मात्र साडेबारा. "बाकीचं पितळ कुठे गेलं?"

मी खोक्याचं माप पाठवलं, वरचं सूत्र पाठवलं. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी वहीच्या पानावर केलेलं गणित आलं, आकृतीसकट. घंगाळ गोल आहे, तळाकडे निमुळतं होत जातं, त्याचं घनफळ अमुक, तेव्हा चौकोनी खोक्याचं घनफळ लावणं अशास्त्रीय आहे आणि सबब मी ४०० रुपये परत करावेत. गणित बिनचूक होतं. गोल वस्तू चौकोनात बसवली की नुसत्या तळाच्या हिशेबात एकवीस टक्के जागा चार कोपऱ्यांत जाते, आणि भाडं त्या कोपऱ्यांचंही लागतं. मी म्हटलं, "काका, ट्रकमध्ये तुमच्या घंगाळाशेजारी दुसऱ्याचा खोका लागतो. कोपऱ्यात पाणी नाही सोडता येत." त्यावर ते हसले, पण ४०० काही सोडेनात.

मग म्हणाले, "बरं, भाडं साडेबारा किलोचं दिलं ना? मग आतली पोकळी रिकामी का पाठवलीत? सहा-साडेसहा किलो माल त्याच पैशांत आला असता." हे मात्र मी उचललं. तेव्हापासून घंगाळ, हंडा, मोठं पातेलं घेणाऱ्याला आधीच सांगते की आत तांब्या, समई, पळी काही बसवायचं असेल तर कुरिअर वाढणार नाही, खरं वजन खोक्याच्या वजनाला गाठेपर्यंत. निम्मे लोक काहीतरी वाढवतातच. काकांनी त्याचं श्रेय मागितलं होतं, ते इथे जाहीर देते. पैसे दिले नाहीत. त्यांनी रिव्ह्यूमध्ये "भांडे उत्तम, बाई पक्की" असं लिहिलं. तो रिव्ह्यू मी मुद्दाम वर पिन केला आहे.

आमच्या घरात यावर अजून वाद आहे. धाकटा दीर त्या वेळी म्हणाला, "वहिनी, द्या ना दोनशे आणि विषय संपवा. आणि मुळात सगळीकडे 'फ्री शिपिंग' लिहा, भावात घाला, कोणाला कळतंय?" हेच तुम्हालाही चार जण इथे सांगतील, म्हणून सविस्तर लिहिते. फुकट काही जात नसतं. भाडं भावात घातलं की आमचा किलोचा भाव फुगतो, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाच्या भावाशी ताडून बघतं, तेव्हा चोर आम्ही ठरतो. शिवाय इथल्याच सिडकोतून स्कूटरवर येऊन तांब्या नेणाऱ्या बाईने इंदूरला गेलेल्या घंगाळाचं भाडं का भरायचं? दिराकडे याला उत्तर नाही. "आजकाल सगळे असंच करतात" हे उत्तर नव्हे.

भाडं वेगळं घेत असाल तर ते फोडून लिहायला कायदाही सांगतो. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि सोबत फोड द्यायची, पोहोचवण्याचा खर्च, पोस्टेज, हाताळणी, कर सगळं धरून, असं म्हटलंय. शेवटच्या पायरीवर हळूच रक्कम वाढवण्याला २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी 'डार्क पॅटर्न'मध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांमध्ये टाकलंय. म्हणजे "एवढे कसे?" हा प्रश्न पैसे भरल्यावर आला तर आधी आपला मेसेज तपासा, आकडा पैसे भरायच्या आधी दिला होता का. दिला असेल तर गप्प बसायचं काही कारण नाही. समोरचा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो म्हणाला तर खुशाल करू द्या.

लहान वस्तूंना मी स्पीड पोस्ट वापरते, आणि तिथला वाद निराळा असतो. लोकांच्या डोक्यात जुने दर बसलेत. २०१२ नंतर ते बदलले थेट १ ऑक्टोबर २०२५ ला. मी दरांचा तक्ता फोटो काढून ठेवलाय, वाद सुरू झाला की तेवढा पाठवते. शब्दाने शब्द वाढतो, तक्त्याशी कोण भांडणार.

पोस्टाच्या पावतीवर आकडा कमी आणि तुम्ही १२० कसे घेतले, असंही विचारतात. विचारावंच. पॅकिंग वेगळ्या ओळीत लिहा. "कुरिअर १२०" असं एकत्र लिहिणारा स्वतःच्या हाताने भांडण लिहून देतो. खोका फुकट मिळत नाही. आमच्याकडे तर पावसाळ्यात गोदावरी चढली की पाणी बाजारात शिरतं. पितळेला काही होत नाही, पण पुठ्ठ्याचा लगदा होतो, म्हणून खोके माळ्यावर चढवावे लागतात. त्या चढ-उताराचे मी लावत नाही. पण पोस्टेजमध्ये नफा काढणारे विक्रेते आहेत, भरपूर आहेत, आणि गिऱ्हाइकाला संशयाची सवय त्यांनीच लावलीय.

माझा मेसेज असा असतो: भांडं एवढं, पॅकिंग एवढं, कुरिअर एवढं (खोक्याचं माप आणि वजन), एकूण एवढं, दुकानात येऊन नेलंत तर पॅकिंग-कुरिअर शून्य. शेवटची ओळ वाचून निम्मे वाद तिथेच मिटतात. स्वस्त पडेल म्हणून कोणी ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवा म्हणालं तर पाठवते, पण रात्री स्टँडवर जाऊन पार्सल उतरवून घेणं त्यांचं काम, हेही लिहून.

हे सगळं जड आणि आकाराने मोठ्या मालाचं. तुम्ही कानातली किंवा राख्या विकत असाल, दोनशे ग्रॅमच्या आतला माल आणि सगळ्यांना साधारण सारखंच भाडं, तर ते किमतीत घालून टाका, माझं काही म्हणणं नाही (दीर हे वाचणार नाही अशी आशा). मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकत असाल तर तिथले नियम चालतात, आपलं काही चालत नाही. आणि कॅश ऑन डिलिव्हरी अनोळखी माणसाला मुळीच देऊ नका. त्याने दारातून पार्सल परत धाडलं की जाण्याचं भाडं गेलेलं असतं आणि येण्याचंही तुमच्याच माथी बसतं.

राहिलं नुकसानीचं. भांड्याला पोचा आला असेल आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ असेल तर मी भांड्याचे, पॅकिंगचे, कुरिअरचे सगळे पैसे परत करते, घासाघीस करत नाही. दिराचं यावरही वेगळं मत आहे, तो म्हणतो निम्मे द्यावेत. पण दुकानाचा फोन माझ्याकडे असतो.