एकाच फूटपट्टीने शिरोळ आणि जालना?

प्रश्न : शिरोळच्या बागायती उसाची आणि जालन्याच्या कोरडवाहू शेतीची शाश्वतता कशी तुलनायची? एकरी उत्पन्नात ऊसच जिंकतो.

उत्तर : जिंकणारच, कारण मोजमाप एकराचं आहे. ते पाण्याचं करा. उसाला सुमारे २००० मिलिमीटर, म्हणजे एकरी ८० लाख लिटर पाणी लागतं. ज्वारी ४०० मिलिमीटरवर, १६ लाख लिटरवर भागते. निव्वळ नफ्याला पाण्याच्या लिटरने भागा, शिवाय पीक शेतात किती महिने उभं होतं त्यानेही. आडसाली ऊस दीड वर्ष जागा अडवतो, हे हिशेबात सहसा राहून जातं.

खरी गफलत होते विहिरीच्या पातळीत. जालन्यात ती दरवर्षी खाली जाणं वाईट. शिरोळच्या काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत मात्र पाणी दीड-दोन मीटरच्या आत येणं घातक. केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढताना, क्षार वर येतात, जमीन पांढरी पडते. म्हणून शाश्वततेचे गुण देताना ‘पातळी वाढली, गुण वाढवा’ हा नियम दोन्हीकडे लावू नका. मोजणी मे आणि ऑक्टोबरमध्ये, पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी करा.

मातीसाठी एकरी ८-१० ठिकाणी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खड्डा घ्या, कडेची माती तासून मिसळा, अर्धा किलो ठेवा. बांधालगतची, उकिरड्याजवळची किंवा नुकतंच खत टाकलेली जागा टाळा. सामू (पीएच) ८.५च्या वर आला तर चोपणपणाचा, म्हणजे सोडियम वाढून जमीन बिघडल्याचा, संशय धरून विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) तपासून घ्या.

आणि नफा, पाणी, माती या सगळ्याच्या गुणांची एकच सरासरी काढू नका. उसाचा भरघोस नफा क्षारपड जमीन झाकून टाकतो.