तू कोणाच्या हाताखाली जाते आहेस?

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. नेपाळला सेवेसाठी जाणाऱ्या गटात तुझं नाव आलं, पण फॉर्मवरच्या 'आपल्याकडे कोणतं कौशल्य आहे' या रकान्यापाशी तू अडलीस. नर्सिंग झालेलं नाही, उपदेश करता येत नाही, गाणंही बेताचं. मग प्रभू मला कशाला पाठवील, असं विचारतेस.

अगं, पानंच्या पानं लिहिलीस ती तू काय घेऊन जाणार याबद्दल. तिथे तू कोणाच्या हाताखाली काम करणार, यावर एक ओळ नाही. कोणती मंडळी, म्हणजे कोणतं चर्च आहे? तिचे पाळक कोण? त्यांनी तुम्हांला बोलावलं आहे का, आणि कशासाठी? बोलावलं असेल तर तुझ्याकडून काय हवं ते त्यांना ठाऊक असेल, तो रकाना त्यांच्यावर सोड. बोलावलं नसेल तर तू निष्णात डॉक्टर असतीस तरी मी जाऊ नको म्हणाले असते.

युवक संघात मी हे बोलले तेव्हा कितीतरी चेहरे पडले होते. पडू देत. जिथे जाशील तिथल्या मंडळीच्या हाताखाली राहा.

तुम्ही आखलेला कार्यक्रम पाहिला. मोठी उपासना रविवारी ठेवली आहे. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि मंडळ्या शनिवारी जमतात. तिथल्या एका विश्वासणाऱ्याशी कोणी फोनवर बोललं असतं तरी हे कळलं असतं. म्हणजे कोणी बोललेलंच नाही. मला राग येतो तो याचा, तुमच्या उत्साहाचा नाही.

ती मंडळी कशी उभी राहिली ते जाण्याआधी नीट समजून घे. 1951 मध्ये राणा राजवट संपेपर्यंत तो देश मिशनऱ्यांना बंद होता. दार्जिलिंगकडे, रक्सौल-नौतनवाच्या सीमेवर नेपाळी ख्रिस्ती लोक वर्षानुवर्षं प्रार्थना करत थांबले होते, आणि वाट उघडली तेव्हा आत शिरलेल्यांत ते होते. 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ या मिशनरी संस्थेची स्थापना झाली. दवाखाने आणि शाळा चालवायला परवानगी मिळाली ती धर्मप्रसार न करण्याच्या अटीवर. म्हणून परदेशी लोकांनी रुग्ण पाहिले, शाळा चालवल्या. मंडळी उभारली आणि चालवली ती नेपाळी माणसांनी. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. पोखऱ्याच्या रामघाट मंडळीचे पाळक डेव्हिड मुखिया तानसेन गावात बाप्तिस्मा दिल्याबद्दल तुरुंगात गेले. 2021 च्या जनगणनेत तिथले ख्रिस्ती पाच लाखांवर गेले आहेत. या लोकांना तुमच्या गटाने 'विश्वासात उभं करायला' जायचं, असं तुमच्या पत्रकात छापलं आहे. ते वाक्य काढायला लाव.

आणि तो चौकात पत्रकं वाटू म्हणणारा मुलगा. त्याचं धैर्य मला आवडतं, पण त्याला थांबव. 2018 पासून लागू असलेल्या नेपाळच्या अपराध संहितेत कोणाचं धर्मांतर घडवून आणणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तुमचा गट बसने परत येईल. पोलीस दार ठोठावतील ते तिथल्या पाळकाचं, आणि घरात त्याची मुलं असतील. किती बोलायचं, कुठे बोलायचं, कधी गप्प बसायचं हे त्यानेच ठरवायला हवं. तो गप्प बसा म्हणाला तर गप्प बसा. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालून थकले आहे.

अनाथालयात दोन दिवस मुलांशी खेळायचं, फोटो काढायचे, हेही कार्यक्रमात आहे. तिथल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफने सांगितलेलं आहे. शिक्षणाचं आमिष दाखवून दूरच्या जिल्ह्यांतून मुलं आणली गेली, कारण पाहुणे आले की देणग्या येतात. तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या मुलांच्या आया कुठे आहेत हे ज्याला ठाऊक आहे, अशा स्थानिक माणसाने सांगितल्याशिवाय त्या दारात पाऊल टाकू नकोस.

आता माझं. मी शिकलेली नर्स होते, वॉर्ड चालवण्याचा अनुभव होता. डोंगरातल्या त्या मिशन दवाखान्यात मला औषधांच्या खोलीत नोंदी ठेवायला आणि ड्रेसिंगचे गॉज घडी घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावायला बसवलं. बसवणारी नेपाळी मेट्रन. सगळे तिला दिदी म्हणत, मीही म्हणायला लागले. रोज सकाळी 'जयमसीह' म्हणायची आणि कामाची यादी हातात द्यायची. वॉर्डात कधी येऊ, असं विचारलं की म्हणायची, बायकांचं बोलणं तुला कळायला लागलं की. आणि खरंच, भाषा कानांत बसली तेव्हा तिने मला प्रसूतीच्या खोलीत नेलं.

परत आल्यावर मला पाठवणाऱ्या समितीतल्या लोकांनी विचारलं, आत्मे किती जिंकले? अहवालात लिहायला काय आहे? बाटल्या मोजायला एवढ्या लांब पाठवलं होतं का? मी तेव्हा जे म्हणाले तेच आजही म्हणते. तिथे माणसांची निवड दिदीच्या हाती होती, तिला माझ्याकडून ते काम हवं होतं आणि मी ते चोख केलं. त्या वर्षांत औषधांची नोंद कधी चुकली नाही. वाया गेलं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. खंत निराळी आहे. मला लवकर परत बोलावलं गेलं आणि दिदी वारली तेव्हा मी तिथे नव्हते. तिच्या हाताखाली आणखी काही वर्षं मिळायला हवी होती.

हे माझं एकटीचं वेड नाही. 1910 साली एडिंबरा इथे जागतिक मिशनरी परिषद भरली, बाराशेच्या आसपास प्रतिनिधी. त्यांत आशियातले वीससुद्धा नव्हते. त्यांच्यातले आपले, भारतातले व्ही. एस. अझरया उभे राहिले. तुम्ही गरिबांसाठी धन दिलंत, देह जाळण्यासाठी दिलेत, आता आम्हांला प्रीती द्या, मित्र द्या, असं ते मिशनऱ्यांना म्हणाले. पुढे 1912 मध्ये ते दोर्नाकलचे बिशप झाले. तेव्हा मागणारे आपण होतो. आता जाणारे आपण आहोत, आणि इतक्यात विसरलो?

पाचारणाची, म्हणजे प्रभूने बोलावलं आहे की नाही याची, धास्ती मात्र सोड. बायबलमध्ये अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौलाला पाठवलं; तुझी मंडळीही तुझ्यावर हात ठेवेल. पण पुढचं लूकच्या दहाव्या अध्यायात आहे: ज्या घरात जाल तिथेच राहा, ते देतील ते खा-प्या, घरोघर फिरू नका. पाठवलेल्याने यजमानाच्या घरात यजमानाचं ऐकायचं असतं. ऐक.

या आठवड्यात एवढं कर. गटप्रमुखांकडून तिथल्या पाळकांचं नाव आणि पत्ता घे. त्यांना स्वतः हिंदीत पत्र लिही: मला काही विशेष येत नाही, भांडी घासता येतात, हिशेब लिहिता येतो, सांगाल ते करीन, मी येऊ का? त्यांचं उत्तर मला कळव. या म्हणाले तर तुझ्या खर्चासाठी मी स्वतः मंडळीपुढे उभी राहीन. आत्ता नको म्हणाले तरी कळव, म्हणजे तुझ्या नावाने जमलेल्या पैशांचं काय करायचं ते त्यांनाच विचारता येईल.

तुझी,
मावशी