आर्सन, आर्सेनिक आणि जाळपोळ

प्रश्न असा आहे : बातम्यांमध्ये येणारा इंग्रजी ‘आर्सन’ म्हणजे आपली जाळपोळच का, आणि त्याचा ‘आर्सेनिक’शी काही संबंध आहे का?

आर्सेनिकचं आधी उरकू. संबंध नाही. तो शब्द ग्रीक ‘आर्सेनिकॉन’वरून आला, त्याच्यामागे सोन्याच्या रंगावरून पडलेलं इराणी नाव आहे आणि तो पदार्थ म्हणजे आपला हरताळ. पूर्वी पोथीतला चुकलेला मजकूर ज्याने झाकत, ‘हरताळ फासणे’ ज्याच्यावरून आलं, तोच.

आर्सनचं मूळ लॅटिन ‘आर्देरे’, म्हणजे जळणे, या क्रियापदात आहे. त्याच्या ‘आर्सुस’ या रूपावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘आर्सिओ’ म्हणजे जळणं हे नाम झालं आणि जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजी कायद्याच्या भाषेत शिरलं. ‘आर्डंट’, म्हणजे उत्कट, हा त्याचा सख्खा भाऊ. गंमत म्हणजे आजची फ्रेंच हा शब्द वापरत नाही; तिथे या गुन्ह्याला ‘आँसाँदी’ला विशेषण जोडून ‘मुद्दाम लावलेली आग’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘आर्सों’ असा उच्चार आज कानावर आला, तर तो घोड्याच्या खोगिराच्या कमानीबद्दल असतो. ती व्युत्पत्ती वेगळी, ‘आर्कुस’ म्हणजे धनुष्य किंवा कमान, यावरून.

जुन्या इंग्लिश कायद्यात या शब्दाची व्याप्ती फार अरुंद होती. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने १७६९ साली व्याख्या केली ती दुसऱ्याचं घर किंवा घराला लागून असलेली इमारत द्वेषबुद्धीने, जाणूनबुजून जाळण्याची. स्वतःचं घर पेटवणं एरवी त्यात बसत नसे. भिंत धुराने नुसती काळी पडून भागत नसे, घराचा काही भाग, थोडा का होईना, खरोखर जळावा लागे. इंग्लंडमध्ये १९७१ च्या कायद्याने ती जुनी चौकट मोडली, आणि आगीने केलेलं कुठल्याही मालमत्तेचं गुन्हेगारी नुकसान आर्सन ठरलं.

भारतीय दंड संहितेच्या ४३५ आणि ४३६ या कलमांत मात्र आर्सन हा शब्द नाही. तिथे आहे ‘मिस्चिफ बाय फायर’, आणि मिस्चिफसाठी कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’ हा शब्द आहे. तेव्हा ‘आगीने केलेली आगळीक’ असं वाचायला मिळतं. अनुप्रास झकास, पण आगळीकमध्ये आग नाही; तो शब्द ‘आगळा’वरून, मर्यादा ओलांडणे या अर्थाचा. नव्या भारतीय न्याय संहितेत हे सगळं कलम ३२६ मध्ये गेलं आहे.

आता जाळपोळ. कोशात अर्थ जुळतो, वापरात जुळत नाही. ‘जाळपोळ झाली’ म्हटलं की जमाव, दगडफेक, पेटलेल्या बसगाड्या डोळ्यांपुढे येतात. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून मध्यरात्री स्वतःचं गोदाम पेटवणारा एकटा व्यापारी ‘जाळपोळ करतो’ असं कोणी म्हणणार नाही. इंग्रजीत तो आजच्या अर्थाने सरळ आर्सनिस्ट. ‘आगलाव्या’ म्हणावं तर तो भांडणं लावणारा निघतो!

संस्कृतात मात्र नेमका शब्द होता : अग्निद. ‘अग्निदो गरदश्चैव’ या श्लोकात सहा आततायी, म्हणजे घोर अपराध करणारे, मोजले आहेत, त्यांत पहिला हा आग लावणारा, दुसरा विष देणारा. मराठीने आततायी ठेवला, तोही उतावळा, अविचारी या अर्थाने, आणि अग्निद सोडून दिला. तो पुन्हा रुजेल असं मला वाटत नाही. भाषांतर करताना मी दंगलीच्या बातमीत ‘जाळपोळ’ आणि एकट्यादुकट्याच्या गुन्ह्यात ‘मुद्दाम आग लावणे’ असं लिहितो.